आधी पाणी, मग जमीन

आयर्नमॅन या ट्रायथलॉन शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी ४२.२ किलोमीटर धावायचे असते. अंतराच्या हिशेबात पोहण्याचा वाटा दोन टक्केही नाही आणि तेच सर्वांत आधी उरकते. ब्रिटनची लुसी चार्ल्स-बार्कले मुळात लांब पल्ल्याची जलतरणपटू. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकची संधी हुकली आणि पुढे ती बोल्टनच्या आयर्नमॅनमध्ये हौशी म्हणून उतरली. २०१५ मध्ये हवाईतील कोना येथे ती आपल्या वयोगटात जगज्जेती ठरली आणि मग व्यावसायिक झाली.

पाण्यात पडले की पोहता येते, असे मराठीत म्हणतात. पाणी परके आणि जमीन हक्काची, हे या म्हणीने गृहीतच धरले आहे. ती बहुधा काठावर उभ्या असलेल्याने घडवली असावी. पडणाऱ्याला कोणी विचारलेले दिसत नाही. ट्रायथलॉनमध्ये तर ती अर्धीच खरी ठरते. गोव्यात मिरामारला २०१९ मध्ये सुरू झालेल्या अर्ध्या अंतराच्या शर्यतीत नोकरी सांभाळून उतरणाऱ्या अनेकांना धास्ती असते ती समुद्राचीच. चाळिशीत पाण्यात पडलेल्याला पोहता येते, नाही असे नाही. पण कोपर उंच ठेवून तळवा आणि मनगटापुढचा हात यांनी मिळून पाणी मागे रेटायचे, ही लहानपणी बसणारी पकड नुसता दम वाढवून येत नाही.

म्हण उलटी केली तर? जन्म पाण्यात गेलेल्याला जमिनीवर सोडले की धावता येते का? हृदय आणि फुप्फुसे तयार असतात, हाडे नसतात. पाणी शरीराचे वजन पेलते. हाड मात्र आदळण्याने बळकट होते. जलतरणपटूंच्या हाडांची घनता धावपटूंपेक्षा साधारणपणे कमी आढळते ती यामुळे. दमसास आणखी पळायला सांगतो आणि हाड मागे राहते. २०२२ मध्ये चार्ल्स-बार्कलेच्या खुब्याला स्ट्रेस फ्रॅक्चर झाले. त्याचा दोष पोहण्यावर टाकण्याचा मोह होतो. पण हा तडा जन्मभर धावलेल्यांनाही जातो.

कोनाच्या जागतिक स्पर्धेत चार्ल्स-बार्कले २०१७, २०१८, २०१९ आणि २०२२ अशी चार वेळा दुसरी आली. त्यांतले २०१८ सर्वांत बोलके. पोहण्याचा विक्रम करून ती पाण्याबाहेर आली, तेव्हा सुरुवातीआधीच जेलीफिशचा डंख बसलेली तिची प्रतिस्पर्धी डॅनिएला रायफ नऊ मिनिटांहून अधिक मागे होती. रायफने सायकलवर तिला गाठले आणि शर्यत विक्रमी वेळेत जिंकली. पाण्यात दुसऱ्याच्या पायांमागे राहून ताकद वाचवता येते, नियमही आड येत नाही. सर्वांत पुढच्याला पाय मिळत नाहीत. म्हणजे ज्यात ती सर्वोत्तम, तिथे तिला कोणाचाच आडोसा नाही.

२०२३ मध्ये तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत आघाडी राखून ८ तास २४ मिनिटे ३१ सेकंदांत कोना जिंकले. दुसऱ्या आलेल्या ॲन हाउगने मॅरेथॉनचा विक्रम केला, तरी साधारण तीन मिनिटे उरलीच. हाउगने पाण्यात याहून जास्त वेळ गमावला होता. वजाबाकी केली तर शर्यत पोहण्याने जिंकली असे उत्तर येते. पण हीच वजाबाकी २०१८ ला लावली की फसते, आणि पाठलाग करायचा नसता तर हाउग तितकी वेगात धावली असती का, हे आकडे सांगत नाहीत. २०२५ मध्ये त्याच कोनाच्या उकाड्यात चार्ल्स-बार्कलेला धावण्याच्या टप्प्यात शर्यत सोडावी लागली.