रवाल

सदुसष्टाव्या वर्षी माणसे काठी घेतात, कानाचे यंत्र घेतात, फार झाले तर गावाबाहेर एखादा प्लॉट घेतात. मी घोडी घेतली. "नातवाला पाठीवर घेऊन स्वतः घोडा व्हायचं तुमचं वय," असे सौ. म्हणाली, आणि त्यात तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. फक्त नातू पुण्याला असतो आणि माझ्या पाठीचा त्या कामाला उपयोग नाही.

सगळे प्रकरण सुरू झाले ते या पाठीपासूनच. मणक्यांमधली एक गादी सरकली आहे. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, एस. टी.ची मागची बाके बंद केली. चालायला हरकत नाही म्हणाले, पण मैल दीड मैल गेले की पायांना मुंग्या येतात आणि मी एखाद्या मोरीच्या कठड्यावर टेकतो. टेकलो की समोर सातपुडा दिसतो. शहाद्याकडच्या माणसाला सातपुड्याकडे पाठ करून बसता येत नाही. त्या डोंगरात आता सडका झाल्या, जीपगाड्या जातात, हे मला ठाऊक आहे. मला जायचे होते ते सडका सोडून उरलेल्या वाटांनी. डॉक्टरांना भीत भीत विचारले, घोड्यावर बसलो तर? ते आधी हसले. "धक्का न बसणारा घोडा मिळाला तर बसा," म्हणाले. त्यांना वाटले, असा घोडा नसतोच.

असा घोडा असतो हे मला वयाच्या सातव्या वर्षापासून ठाऊक होते.

आमचे अण्णा देवी टोचणारे. १९६५च्या सुमारास त्यांची नेमणूक अक्राणी महालात होती. धडगावपासून पाड्यापाड्यांवर जायचे, पोरांचे दंड धरायचे, टोचायचे, आठ दिवसांनी पुन्हा जाऊन फोड आला की नाही ते पाहायचे. लोक त्यांना 'देवीडाक्तर' म्हणत आणि ते दिसले की आया पोरांना घेऊन रानात पळत. त्यांच्यापाशी एक घोडी होती. तिला जातकुळी काही नव्हती. गुडघ्याएवढ्या गवतात उभी राहिली तर गाढव वाटावे एवढा तिचा डौल. पण चाल अशी की खोगिराच्या पिशवीतली लशीची एक कुपी कधी एकमेकींवर आपटली नाही. सुट्टीत अण्णा मला पुढ्यात घेत आणि वाटभर पाढे म्हणून घेत. एकोणतिसाचा पाढा मी त्या घोडीवर शिकलो. "आवाज हलला नाही पाहिजे," एवढीच त्यांची अट असे. तो हलतच नसे. पुढे एका लग्नात दुसऱ्याच्या घोड्यावर बसून मी 'एकोणतीस दुणे' म्हटले आणि 'अठ्ठावन्न'चे तीन तुकडे होऊन बाहेर पडले, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की आमची घोडी साधी नव्हती.

अण्णा त्या चालीला 'रवाल' म्हणत. जत्रेतली माणसे 'रेवाल' म्हणतात, जुन्या मराठीत 'रहवाल' असेही आहे. मूळ शब्द फारसी. राह म्हणजे वाट, आणि रहवार म्हणजे वाटेला लायक. लढाईला लायक नव्हे, मिरवणुकीला नव्हे, वाटेला. ज्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याची पाठ दुखत असली पाहिजे.

साधा घोडा दुडकीला लागला म्हणजे त्याचे तिरप्या जोडीचे पाय एकदम उचलतात आणि एकदम पडतात: उजवा पुढचा आणि डावा मागचा, मग उलट. दोन जोड्यांच्या मध्ये क्षणभर घोडा अधांतरी असतो आणि वरचा माणूसही. खाली येताना दोघांची वेळ जमली तर ठीक. न जमली की ते मणक्यांना कळते. रवाल चालीचा घोडा एका बाजूचे मागचे पाऊल टाकतो, मग त्याच बाजूचे पुढचे, मग दुसऱ्या बाजूचे मागचे, मग पुढचे. चार पावलांचे चार ठोके, सारख्या अंतराने. कोणते ना कोणते पाऊल भुईवर असतेच, म्हणून पाठ उसळत नाही. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकणारेही घोडे असतात. त्यांवर धक्का बसत नाही, पण उंटावरच्यासारखे डोलायला होते. माझा एक वर्गमित्र पशुवैद्य होता. आता निवृत्त आहे. तो सांगतो, २०१२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी घोड्याच्या जनुकांतला असा एक बदल शोधून काढला की जो मज्जारज्जूतल्या, पायांचा ताल सांभाळणाऱ्या चेतापेशींशी निगडित आहे, आणि आइसलँडच्या सुखचाली घोड्यांसारख्या पुष्कळ जातींत तो सापडतो. थोडक्यात, ही चाल बरीचशी जन्मानेच यावी लागते. शिकवून ती सुधारते, आणि वाईट शिकवले तर बिघडते.

या मित्राला घेऊनच मी गेल्या वर्षी, म्हणजे २०२४च्या डिसेंबरात, सारंगखेड्याला गेलो. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडी येतात. गुलाबी कातडीचे पांढरे नुकरे, कानांची टोके एकमेकांना टेकवणारे मारवाडी आणि काठेवाडी. खाटेवर चढून नाचणारे घोडे असतात. त्यांच्याभोवती एवढी गर्दी की दत्ताला आपली यात्रा कुठे गेली असे वाटावे.

बाजारात पहिली गोष्ट कळली ती अशी की घोडा पाहायला कुणी त्याच्या पायांपासून सुरुवात करीत नाही. आधी भोवरे. गळ्याखाली देवमण आहे का? चारही पाय आणि कपाळ पांढरे, म्हणजे पंचकल्याण आहे का? एका काळ्याभोर मारवाड्याची किंमत मालकाने साडेचार लाख सांगितली. मी ती, नाटकातल्या राजाची संपत्ती ऐकावी, तशी ऐकून घेतली. चाल कशी आहे विचारले, तर "साहेब, नाचतो," असे उत्तर मिळाले. हे कन्येला स्वयंपाक येतो का विचारल्यावर ती भरतनाट्यम करते असे सांगण्यापैकी झाले.

दुसरा घोडा खास रेवालीचा म्हणून दाखवला. मऊ मातीच्या पट्टीवर त्याचा पोरगा मान वर खेचून त्याला असा घेऊन गेला की मी मित्राचा दंड धरला. मित्र शांत. "लगाम सोडून दाखव म्हणावं." पोरगा कुरकुरला. मग मीच बसलो, लगाम सैल सोडला आणि पाढा सुरू केला. एकोणतीस त्रिकपर्यंत ठीक होते. चोकाला घोडा दुडकीत उतरला आणि मी पाढ्यासकट कोलमडलो. बघ्यांना म्हातारा घोड्यावर बसून मंत्र म्हणतो आहे असे वाटले असावे. एकाने हात जोडले.

"मैदानावरची चाल विकत घेऊ नकोस," मित्र म्हणाला. "तुला दगडांत जायचंय. ओढून ताणून येणारी चाल डोंगरात टिकत नाही, कारण डोंगरात तुझा हात ढिला पडणार." त्याची परीक्षा निराळीच होती. तो ओल्या वाळूत घोड्यामागे वाकून ठसे पाही. मागच्या खुराचा ठसा पुढच्याला ओलांडून कितपत पुढे पडतो ते बघे. संध्याकाळी पाहिलेला घोडा तो न सांगता भल्या पहाटे पुन्हा पाहायला जाई, कारण अंग गरम झाल्यावर लंगडणे लपते, आणि दुपारी शहाणा वाटणारा घोडा कधी कधी औषधाने शहाणा केलेला असतो. घोडा कळपापासून एकटा निघतो का, ट्रॅक्टर शेजारून गेला तर काय करतो, वर चढताना माणसाला उभे राहू देतो का. आम्ही तीन दिवस हिंडलो. एकतीस घोडी पाहिली, नऊंवर बसलो. रात्री सौ. पाठीला शेक देई आणि काही बोलत नसे. ते बोलण्यापेक्षा वाईट होते.

चौथ्या दिवशी सकाळी बाजाराच्या अगदी टोकाला, ऊसवाल्याच्या पलीकडे, ती दिसली. तांबूस अंग, काळी आयाळ, जेमतेम ५४ इंच उंची. चार पायांपैकी एकच मागचा पांढरा, आणि पाठीवर नेमका खोगिराच्या जागी भोवरा. बसणारा टिकत नाही, असा त्या भोवऱ्याचा अर्थ करतात, म्हणून कुणी थांबत नव्हते. गोंडे नाहीत, घुंगरू नाहीत. मालक बडवानीकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बाकीची घोडी ट्रकमधून उतरली होती. हा हिच्यावर बसून आला होता. मित्राने हे ऐकले आणि माझ्याकडे पाहिले.

मालकाने वय आठ सांगितले. मित्राने ओठ वर करून वरचा कोपऱ्याचा दात पाहिला. त्या दातावर एक खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी उगवते आणि पंधराव्या वर्षापर्यंत निम्म्यावर येते. हिची निम्म्यापेक्षा बरीच कमी होती. मित्राने बाराच्या खाली यायला नकार दिला. मालक हसला आणि त्याने दहा कबूल केले. खूर टणक, गुडघे साफ. माझे वजन अठ्ठावन्न किलो, हा या सगळ्या व्यवहारातला माझा एकमेव गुण.

मी बसलो आणि तापीकडे उतरणाऱ्या खडकाळ पायवाटेला तिला घातले. लगाम सोडला. तिने मान किंचित खाली घेतली, जरा डोलवली, आणि खाली चार ठोके सुरू झाले. मी पाढा म्हणू लागलो. दुणे, त्रिक, चोक. दाहे दोनशे नव्वद केव्हा झाले कळले नाही, म्हणून तिसाचा सुरू केला. तिसाच्या पाढ्यात मात्र आवाज अडला. तीस हा काही अवघड पाढा नव्हे.

सौदा रुमालाखाली झाला. दलालाने माझा हात धरून रुमाल टाकला आणि बोटे दाबू लागला. पस्तीस वर्षे गणित शिकवून त्या चार बोटांचे गणित मला काही उमगले नाही. मित्राने आपला हात घातला. पंचाण्णव हजारांवरून अडुसष्ट हजारांवर जमले. ग्लँडर्सच्या तपासणीचे पत्र आल्याशिवाय पैसे पुरे द्यायचे नाहीत, असे मित्राने बजावले होते. तो रोग घोड्याकडून माणसालाही होतो आणि सापडला तर जनावर मारावे लागते, म्हणून इथे भीड नको. चार हजार इसार दिला. अहवाल येईपर्यंत म्हातारा यात्रेतच राहिला, त्याबद्दल त्याने कुरकुर केली नाही. का विकतोस, असे घेणाऱ्याने विचारावे, म्हणून विचारले. "पैसे पाहिजेत," म्हणाला. पुढे विचारायचे असते. मी विचारले नाही.

पैसे मोजून झाल्यावर त्याने घोडीच्या गळ्यातले दावे सोडले आणि घडी करून काखेत घातले. "दावं आमच्यात देत नाहीत," म्हणाला. मी नवे दावे आणले होतेच. तो एस. टी. स्टँडकडे निघाला, दावे काखेत, मागे न पाहता. घोडीने कान त्याच्याकडे वळवले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५च्या मे महिन्यात सापडला. त्या वर्षी मी धुळ्याला कॉलेजात गेलो. मार्गशीर्षात अण्णांचे पत्र आले: 'आता देवी गेल्या, तेव्हा घोडीची सोय लावली.' त्याच आठवड्यात वसतिगृहाच्या दुसऱ्या सहामाहीची मनीऑर्डर आली. मी गणिताचा विद्यार्थी होतो, बेरीज करायला वेळ लागला नसता. मी ती केली नाही. घरी आलो तेव्हा मागच्या पडवीत खुंटीला घोडीचे दावे टांगलेले होते. आईला ते आडाच्या बादलीला हवे होते. अण्णा एरवी घरात कशालाच नाही म्हणत नसत, पण ते त्यांनी देऊ दिले नाही. कुठल्या तरी सरकारी सामानाचा हिशेब द्यायचा राहिला असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. एकोणपन्नास वर्षे ती पुरली.

घरी परतताना मी दत्ताच्या यात्रेतला गूळ घेतला. दारात सौ. उभी होती. तिने घोडीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग गुळाची पुडी माझ्या हातातून घेतली. "एवढा एकदम देतात का?" म्हणाली. तेव्हापासून चंदी तीच भिजवते, आणि खरारा नीट होत नाही म्हणून माझ्या मागे लागते.

पाठ दुखत नाही असे मी म्हणणार नाही. पण ती बसल्याने दुखते, धक्क्याने नव्हे. हा फरक दुखणाऱ्याला कळतो. उन्हाळ्यात सकाळी सकाळी आम्ही पायथ्यापर्यंत जाऊन आलो. चढ आला की घोडी आपण होऊन साध्या पावलावर येते, सपाटी लागली की पुन्हा रवाल. मी सांगावे लागत नाही. पावसाळाभर वाटा बंद होत्या. आता उघडीप आहे, गवत पिवळे पडू लागले आहे, आणि धडगावकडच्या जुन्या पायवाटेने निदान पहिल्या खिंडीपर्यंत जायचे ठरते आहे. परवाच निघणार होतो, तर मागच्या पांढऱ्या पायाचा नाल सैल निघाला. नालबंद मंगळवारी येतो म्हणाला आहे. डब्यात काय द्यायचे ते सौ.ने विचारून ठेवले आहे.