गाडीची शेपूट

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी दोन महिने सॅन होजेला होतो. एका वीकेंडला मावशी-काकांनी त्यांच्या मोटरहोममधून फिरायला नेलं. मोटरहोम कसली, चाकांवरचा फ्लॅटच! लांबी 45 फूट, म्हणजे जवळपास पावणेचौदा मीटर. आपली एसटी शेजारी उभी केली तर धाकटी बहीण वाटावी. कॅलिफोर्नियात 40 फुटांपेक्षा लांब मोटरहोमला वेगळं, क्लास बी लायसन्स लागतं. काकांनी रिटायर झाल्यावर अभ्यास करून ते काढलं.

"काका, हे धूड वळतं तरी कसं?"

काका खूश! गाडीला तीन आक्सल. मधला इंजिनाची ताकद घेणारा, सगळ्यात मागचा नुसता वजन पेलणारा. त्याला म्हणतात टॅग आक्सल. काकांच्या गाडीत हा टॅगही वळतो. हळू वेगात त्याची चाकं पुढच्या चाकांच्या उलट दिशेला फिरतात. त्यामुळे गाडी कमी जागेत वळते, टायर रस्त्यावर घासत नाहीत. वेग वाढला की चाकं सरळ होऊन लॉक होतात. हायवेवर हे लॉक नीट बसलं नाही, तर गाडीचा मागचा भाग भरकटू शकतो. म्हणून डॅशबोर्डवरचा दिवा लागला की काका आधी वेग कमी करून बाजूला थांबतात.

"पण एक लक्षात ठेव," काका म्हणाले, "टॅग वळला की गाडी मधल्या आक्सलभोवती फिरते. त्याच्या मागचा सगळा भाग म्हणजे शेपूट. आपण डावीकडे वळलो, की ती उजवीकडे झाडू मारते."

मी मान डोलावली. समजलं की हो!

डिझेल भरून झालं. माझं काम सोप्पं होतं, मागे उजवीकडे उभं राहून हात दाखवायचा. तेवढ्यात बॉसचा फोन आला. काकांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. मावशी कॉफीचे ग्लास घेऊन पंप आणि गाडीच्या मधून येत होती. शेपूट तिच्याकडे सरकायला लागली, आणि मी बॉसला "येस सर" म्हणत होतो.

मावशी ओरडली तेव्हा मी वर बघितलं. जिवाच्या आकांतानं "काका, थांबा!" म्हणालो. ब्रेक लागला. गाडी आणि मावशी यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं. कॉफी सगळी जमिनीवर.

काका खाली उतरले. मला वाटलं, आता आपली खैर नाही. पण ते एवढंच म्हणाले, "चूक माझी. शेपूट पंपाच्या पुढे जाईपर्यंत सरळ जायला हवं होतं."

मावशीनं मात्र माझ्याकडे बघितलं. बोलली काहीच नाही. मी फोन स्विच ऑफ केला आणि नवीन कॉफी आणायला गेलो.

परतीच्या वाटेवर बॉसचे सात मिस्ड कॉल पडले. त्यातला एकही अर्जंट नव्हता.