ओहोटीची वाट

तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते, हें कोंकणांतील गणित आमच्या नातवंडांस खरें वाटेना. वद्य तृतीयेस आम्हीं तें अलिबागेस पडताळून दाखविलें. तिनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनास भरती, अर्थात् सुमारें साडेआठास ओहोटी. पाणी उतरत असतांनाच वाळूंतून पायीं कुलाब्याकडे निघालों. अष्टमीच्या सुमारास भांग असल्यानें पाणी पुरतें ओसरत नाहीं. मुलांस नेणें तर पुनवे-अंवसेच्या जवळच न्यावें. खडकांवरील शेवाळ फसवें, म्हणून वहाणा पायांतच असाव्यात.

शिवछत्रपतींनीं १६८० सालीं हा दुर्ग बांधावयास घेतला. तटाच्या दगडांच्या फटींत मुलांनीं बोटें घालून चुना शोधला, सांपडला नाहीं! राघोजी आंग्रे यांनीं १७५९ त बांधलेल्या मंदिरांत श्रीगजाननाचें दर्शन घेतलें. चहूंकडे खारें पाणी आणि आंत गोडें, याचें सूनबाईंस फार नवल वाटलें.

पुढें चूक आमचीच. आंग्र्यांच्या आरमाराचें वर्णन करण्याच्या भरांत (संवय जुनी!) घड्याळ पाहण्याचें राहिलें, साडेदहा वाजून गेले. परततांना मध्यावर पाणी धाकट्या नातीच्या गुडघ्यांवर आलें. तिला खांद्यावर घेतलें. आमचें कुटुंब एक शब्दहि न बोलतां पुढें चालत होतें.

कांठावर येतांच नातीनें विचारलें, "आजोबा, तुमचें गणित चुकलें का हो?"

गणित बरोबर होतें, असें आम्हीं तिला सांगितलें.