सोडलेली जागा

माणसाचे ते घर आणि पाखराचे ते घरटे, असा भेद मराठी करते. सोलापूरच्या जुन्या माळवदाच्या घरांत मात्र हा भेद फारसा टिकत नसे. तुळई आणि भिंत यांच्यामधली फट, दिव्याची देवळी, तसबिरीमागची तिरपी पोकळी यांत चिमण्या नांदत. त्यांनी जागा मागितली नव्हती, आपण ती दिलीही नव्हती. बांधकामातल्या उणेपणातच त्यांचा आसरा होता.

आमचे माळवद आता उतरवायचे आहे. ते गळते, आणि पांढऱ्या मातीचा थर नीट देणारी माणसे मिळत नाहीत. आईने त्याखाली आणखी एक पावसाळा काढावा, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण नव्या सिमेंटच्या भिंतीला फट नसेल. मग चिमण्यांचे काय?

लाकडी पेटी हे एक उत्तर आहे. चिमणी पोकळीत घरटे करते, म्हणून पेटी स्वीकारते. दार सुमारे ३२ मिलिमीटरचे असावे. मोठे ठेवले तर साळुंकी शिरते. पेटी पत्र्याची नको, कारण ४४ अंशांच्या उन्हाळ्यात तिची भट्टी होते. ती सावलीत आणि मांजराच्या झेपेबाहेर हवी. परंतु शिंपी पाने शिवतो, बुलबुल झुडपात वाटी विणतो. त्यांना पेटीचा उपयोग नाही. शिवाय दाणे टिपणारी चिमणी पिलांना सुरुवातीचे दिवस किडे भरवते. फरशी घातलेल्या, औषध फवारलेल्या अंगणात टांगलेली पेटी म्हणजे चुलीवाचूनचे घर. २०२० च्या देशव्यापी पक्षी-अहवालानुसार चिमण्यांची संख्या एकंदरीत स्थिर आहे, घट आहे ती मोठ्या महानगरांत. तेव्हा प्रश्न आपल्या बांधण्याच्या आणि राहण्याच्या रीतीचाही आहे.

सोलापूरकरांना हे नान्नजच्या माळाने केव्हाच सांगितले आहे. तिथले माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. तिला ना छप्पर हवे, ना भिंत. अख्खा माळ हेच तिचे घर. त्या घराला आपण ‘पडीक’ म्हणत आलो. ज्याला पडीक म्हटले, ते मोडताना हात अडखळत नाही.

म्हणूनच मारुती चितमपल्ली यांची आठवण होते. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या, २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेल्या आणि २०२५ साली याच शहरात निवर्तलेल्या या अरण्यलेखकाने कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द दिले. ‘आगार’ म्हणजे घर. एरवी केवळ विष्ठेने पांढरे पडलेले म्हणून दिसणारे झाड या शब्दामुळे कुणाचे तरी राहते ठिकाण ठरते. पाखरांना भाषेत जागा देणे हा आसरा देण्याचाच एक प्रकार आहे.

आमच्या नव्या घराच्या नकाशात छज्जाखाली, पूर्वेच्या भिंतीत, तीन छोटी कोनाडी आखली आहेत. कुंपणाला तारेऐवजी मेंदी लावायची आहे, आणि अंगणाचा एक कोपरा मातीचाच राहील. नकाशा पाहून गवंड्याने विचारले, या कोनाड्यांना म्हणायचे काय? त्याला ‘चिमण्यांची देवळी’ असे सांगितले. त्याने पेन्सिलीने तसे लिहून घेतले.