लंगोट, थंड पाणी आणि र. धों. कर्वे

आमच्या गावच्या तालमीत वस्ताद जितक्या तळमळीने कुस्ती शिकवत, तितक्याच तळमळीने ब्रह्मचर्यही शिकवत. पहाटे थंड पाण्याने आंघोळ. लंगोट कसून बांधायचा. कांदा-लसूण बंद. उताणं झोपायचं नाही. मनात वाईट विचार आला की लगेच पन्नास जोर मारायचे. एकाने विचारलं, "आणि वस्ताद, विचार आलाच नाही तर?" वस्ताद म्हणाले, "तुला? तू शंभर मार." अख्खी तालीम हसली. ते मनाने निर्मळ होते आणि पोरांवर त्यांचा फार जीव होता. त्यांना जे सांगितलं गेलं, तेच ते आम्हाला सांगत होते.

चुलत्यांच्या ट्रंकेतल्या एका पुस्तकात वीर्याच्या एका थेंबाला रक्ताचे चाळीस थेंब लागतात असं होतं. दुसऱ्या पुस्तकात तेच शंभर. रेल्वेने मुंबईला जाताना रुळांलगतच्या भिंतींवर 'गुप्त रोगी मिलें' वाचलं, की आपलाच पत्ता कुणीतरी शोधतंय असं वाटायचं.

पुढे डॉक्टरकीला गेलो आणि शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला ती भीती गेली. वीर्य म्हणजे मुख्यतः शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव, एका वेळी साधारण दोन ते पाच मिलिलिटर. शुक्रजंतू अखंड तयार होतात आणि बाहेर न पडलेले शरीरच जिरवतं. रक्त आटण्याचा प्रश्नच नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, हे खूळ फक्त आपलं नाही. 1760 साली तिसो नावाच्या स्विस डॉक्टरने हस्तमैथुनाच्या भयंकर परिणामांवर ग्रंथच लिहिला होता. अमेरिकेतल्या मिशिगनचे डॉ. केलॉग या सवयीवर मसाले आणि मांस सोडून मिळमिळीत खायला सांगत आणि मुलांचे हात बांधायलाही सुचवत. मिशिगनचा डॉक्टर आणि आमचे वस्ताद एकमेकांना न ओळखता एकाच निष्कर्षाला आले होते: दोष जेवणाचा!

आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि वाचकांच्या अशा प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. त्या उत्तरांवरूनच 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही कर्वे हरले, दंड झाला, पण 1953 साली जग सोडेपर्यंत त्यांनी मासिक सोडलं नाही. मराठी माणसाने या एका गोष्टीचा मनापासून अभिमान बाळगावा.

तालुक्याच्या गावी दवाखाना थाटला, तर तेच प्रश्न समोर येऊन बसले. "डॉक्टर, धातू जातो." म्हणजे वीर्य जातं. अशक्तपणा, कंबरदुखी, उडालेली झोप. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी 1960 साली या त्रासाला धात सिंड्रोम असं नाव दिलं. एक तरुण माघातल्या थंडीत रोज मध्यरात्री बादलीभर गार पाणी अंगावर घ्यायचा. माझ्याकडे आला तो खोकल्यासाठी. मग हळूहळू बाकीचं बोलला. हिमोग्लोबिन उत्तम, तब्येत ठणठणीत. उसाच्या बिलातले पैसे मात्र रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैदूने भस्माच्या पुड्या देऊन काढून घेतले होते. मला अशा वेळी संताप येतो. सवयीने त्या पोराचं काहीच बिघडलं नव्हतं, जे काही बिघडलं ते सल्ल्याने.

मुलींना तर असला सल्लाही मिळत नाही. त्यांच्या बाबतीत असं काही असतं, हेच घरात कुणी मान्य करत नाही. ती गप्पगार भीती मला जास्त वाईट वाटते.

कामधंदा, अभ्यास, झोप सगळं बाजूला पडून मन हस्तमैथुनातच अडकत असेल, किंवा उदासी विसरायला तेवढाच एक मार्ग उरला असेल, तर डॉक्टरांना जरूर भेटावं. एरवी औषध लागत नाही. घरात वयात आलेलं मूल असेल, तर त्याला आज जेवणानंतर एवढंच सांगा: यात पाप नाही, रोग नाही, आपली खोली आणि आपलं दार आहे. आणि तंबूवाल्याला एक रुपयाही देऊ नकोस.