दिव्याखालीं अंधार

विजेची बचत करणारा दिवा घरांत लागला कीं आपलें कर्तव्य पुरें झालें, असें पुष्कळांस वाटतें. या दिव्याचें आम्हांसही कौतुक आहे. परंतु कौतुक करावयाचें तर जमा व खर्च अशा दोन्ही बाजू मांडून करावें, म्हणून हा अल्पसा लेखप्रपंच.

जमेची बाजू मोठी आहे. तारेच्या जुन्या दिव्यांत बहुतेक वीज उष्णतेंतच व्यर्थ जाते. ६० वॅटच्या त्या दिव्याइतका उजेड सुमारें ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. रोज ५ तास दिवा जळला, तर वर्षाकाठीं एका दिव्यामागें सुमारें ९३ युनिटें वांचतात. चंद्रपूर, कोराडी येथील वीज कोळशावर होते आणि एका युनिटास अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो. म्हणजे एका लहानशा दिव्यानें वर्षांत सुमारें अर्धा क्विंटल कोळसा वांचविला!

आतां खर्चाची बाजू. एलईडीच्या आधीं घरोघरीं आलेले सीएफएल दिवे आणि लांब नळ्या यांत थोडा पारा असतो. कोळसा जळतांनाही पारा हवेंत जातो. त्यामुळें वीज वांचवून हे दिवे पाऱ्याचें कांहीं ऋण फेडितात, हें मान्य केलें पाहिजे. तथापि नळी फुटते तेव्हां तो पारा कोणाच्या हाताजवळ सुटतो? आपण ती कचऱ्यांत टाकितों आणि कचरा वेंचणारी बाई उघड्या हातांनीं ती उचलते. वीजबिलांतील बचत आपली आणि जोखीम तिची, हा हिशेब आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

पारा काय करूं शकतो हें जपानांतील मिनामाता शहरानें भोगलें आहे. कारखान्याच्या सांडपाण्यांतील पारा मासळींत उतरला व ती खाणारीं माणसें पंगु झालीं. १९५६ सालीं तो रोग उघडकीस आला. त्याच शहराच्या नांवानें २०१३ सालीं राष्ट्रांनीं करार केला, आणि घरगुती उजेडासाठीं असल्या दिव्यांची निर्मिती २०२७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्यानें थांबविण्याचें त्यांत पुढें ठरलें.

एलईडींत पारा नाहीं. पण त्यांतील धातू, प्लास्टिक व सर्किट मातींत कुजत नाहींत. शिवाय दिवा स्वस्त पडतो म्हणून तो अंगणांत रात्रभर जळत ठेविला, तर बचत तर जातेच, आणि काजव्यांस आपला जोडीदार शोधणेंही कठीण होतें.

मग करावें काय? नळी फुटल्यास खिडक्या उघडून १०-१५ मिनिटें खोलीबाहेर जावें. केरसुणी न लावितां जाड पुठ्ठ्यानें तुकडे गोळा करून झांकणाच्या बरणींत भरावे. गेलेले दिवे घरच्या कचऱ्यांत न मिसळतां ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावे. पालकांनीं मनावर घेतल्यास शाळेच्या दाराशीं त्यासाठीं एक पेटी ठेवितां येईल. शेजाऱ्यावर प्रीति करावी असें आपण प्रार्थनेच्या वेळीं नेहमीं ऐकतों. त्या शेजाऱ्यांत कचरा वेंचणाऱ्या बाईचीही गणना आपण केली पाहिजे.