शेरूला कंपनी?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कसं आहे ते आमच्या विंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. (ऱ्हस्व-दीर्घ सरांनी तपासलेत!) पण हा विषय मला इंग्रजीत लिहिताच आला नसता, कारण त्यावरची सगळी भांडणं फोनवर मराठीतच झाली.

तर मित्रांनो, परभणीला आमच्या घरी शेरू आहे. वय सहा वर्षं, जात गावठी, स्वभाव... विचारू नका! माणसांवर नुसता भुंकतो, पण दुसरं कुत्रं दिसलं की संपलं. मागच्या दिवाळीत गेट उघडं राहिलं आणि त्याने गल्लीतल्या एका कुत्र्याचा कान फाडला. ताटलीजवळ तर आज्जीलाही येऊ देत नाही. आणि अशा घरात माझा धाकटा भाऊ जिंतूरच्या मामांकडून पिल्लू आणणार म्हणे!

"ताई, त्याला कंपनी मिळाली की तो शांत होईल. मामा पण तेच म्हणायलेत." पप्पा न्यूट्रल. मम्मी म्हणाली, "आणायचं तर आणा, मला काही सांगू नका."

हे 'कंपनी' प्रकरण मला पटेना. शेरू एकटा आहे म्हणून भांडत नाही, आपली जागा आणि ताटली जाईल या भीतीने भांडतो. पिल्लू म्हणजे नेमका तोच वाटेकरी! मोठी कुत्री पिल्लांना काही करत नाहीत, असंही सगळे सांगतात. पुष्कळ कुत्री काही दिवस पिल्लाचं चालवून घेतात, हे खरं. पण सगळी नाही, आणि पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की ती सवलत संपते. दोन महिन्यांच्या पिल्लाला गुरगुरणं म्हणजे वॉर्निंग हे कुठे कळतं? ते सरळ ताटलीत तोंड घालतं. शिवाय साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात जे अनुभव येतात ते पक्के बसतात. त्या काळात शेरूने त्याला धरून आपटलं, तर ते कायमचं भित्रं होईल, नाहीतर दुसरा शेरू!

पण माझी खरी काळजी आज्जी. दुपारी ती घरी एकटीच. दोन कुत्री जुंपली तर ती मध्ये हात घालणारच, आणि भांडणारं कुत्रं हात कोणाचा ते बघत नाही. (हॉस्टेलकरांनो, मेसमागच्या टोळीसाठीही हे लक्षात ठेवा. लांबून पाणी मारा, हात नको. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद-चुना काही लावू नका.)

दसऱ्याच्या सुट्टीत शेरूला मुसकं बांधून परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. १९७२ पासूनचं कॉलेज, पण आज्जीसाठी तो अजून 'ढोराचा दवाखाना'च. डॉक्टरांनी आधी दात आणि कान बघितले, कारण काही दुखत असेल तर कुत्रं जास्त चिडतं. सुदैवाने तसं काही निघालं नाही. नसबंदीने नरांची आपसातली मारामारी कमी होऊ शकते, पण ताटलीवरचं गुरगुरणं त्याने जात नाही, असं ते म्हणाले.

शेवटी ठरलं ते असं. दिवसभराची साखळी बंद, सकाळ-संध्याकाळ फिरायला न्यायचं. लांबून कुत्रं दिसूनही हा गप्प राहिला की लगेच भाकरीचा तुकडा. सहा महिन्यांनी एखाद्या शांत कुत्र्याशी घराबाहेर, मोकळ्या मैदानात, दोघांनाही पट्टा लावून भेट. ते जमलं तरच पिल्लाचा विषय.

पिल्लू मामांच्या आखाड्यावरच राहिलं. भावाने त्याचं नाव ब्रूनो ठेवलंय, मामा 'बुरणू' म्हणतात. भाऊ दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. आता रविवारी रिपोर्टिंगसाठी फोन येतो, "ताई, आज कोपऱ्यावरच्या काळ्याला बघून शेरू फक्त गुरगुरला. भुंकला नाही."